दिव्यांगांचे हक्क आणि सवलती : घरात प्रमाणपत्र आहे का?

घरातलं एखादं मूल चालू शकत नसेल, तर आपल्याकडे पहिली धाव डॉक्टरकडे, मग हकिमाकडे, मग दर्ग्यावर जाते. इलाज व्हायलाच हवा. पण इलाजात वर्षं निघून जातात आणि एक कागद काढायचा राहून जातो, तो म्हणजे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. ‘मुलीचं लग्न अडेल’, ‘मोहल्ल्यात चर्चा होईल’, ‘अल्लाहची आजमाइश आहे, सब्र करू’ अशी कारणं असतात. रमजानमध्ये त्या घरी जकात पोहोचते, पण अर्ज भरून द्यायला सहसा कुणी येत नाही. खरं तर पुढची जवळपास प्रत्येक सवलत याच कागदावर मिळते.

2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख आणि महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 60 हजार दिव्यांग नोंदले गेले. त्यानंतर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 आला आणि एप्रिल 2017 पासून लागू झाला. जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, आता 21 आहेत. पोलिओ, अंधत्व, बहिरेपण हे सगळ्यांना माहीत असतं. पण ॲसिड हल्ल्यातल्या पीडित, बुटकेपणा, पार्किन्सन, थॅलेसेमिया, सिकल सेल हेही यादीत आहेत. थॅलेसेमियाच्या मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवायला नेणाऱ्या कितीतरी आई-बापांना हे ठाऊक नसतं. बहुतेक सवलतींसाठी दिव्यांगत्व किमान 40 टक्के असावं लागतं.

प्रमाणपत्र आणि ‘यूडीआयडी’ कार्डासाठी स्वावलंबन कार्डाच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा. तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या सरकारी दवाखान्यात होते. कार्ड देशभर चालतं. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावरची मुदत बघून ठेवा, नाहीतर ऐन वेळी पगार किंवा पेन्शन थांबते.

आपल्या घरांत गाडी अडते ती नावावर. आधारवर ‘शेख रुखसाना’, शाळेच्या दाखल्यावर ‘रुक्साना बी’, रेशनकार्डावर नवऱ्याचं नाव आधी. उर्दू शाळेच्या रजिस्टरमधून मराठी किंवा इंग्रजीत नाव उतरवताना स्पेलिंग बदलतं. एका ओळखीच्या घरात मुलाच्या नावातल्या एका अक्षरापायी अर्ज तीनदा परत आला आणि त्याची अम्मी प्रत्येक वेळी दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला गेली. त्यामुळे आधी आधार दुरुस्त करा, मग त्याच स्पेलिंगने कार्ड काढा, मग बँक खातं जोडा. हा क्रम उलटा झाला की त्रास वाढतो.

कार्ड हातात आल्यावर सगळ्यात आधी संजय गांधी निराधार अनुदान योजना बघा. 18 ते 65 वयाच्या दिव्यांगांसाठी कुटुंबाची वार्षिक उत्पन्न मर्यादा 50 हजार रुपये आहे. दिव्यांग लाभार्थ्यांची मदत महिना 1,500 वरून 2,500 रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये घेतला. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात होतो. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका.

दुसरी गोष्ट फारशी कुणी विचारत नाही. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उभं राहून ‘यंदा हा पैसा कुठे खर्च झाला?’ एवढंच विचारा. बऱ्याच ठिकाणी उत्तर शोधावं लागतं!

एसटीच्या साध्या बसमध्ये तिकिटात 75 टक्के सूट आहे. 65 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर सोबत्यालाही 50 टक्के मिळते. रेल्वेत जे एकट्याने प्रवास करू शकत नाहीत त्यांना आणि सोबत्याला स्लीपर व थर्ड एसीमध्ये 75 टक्के सवलत आहे, पण त्यासाठी रेल्वेचं वेगळं सवलत कार्ड काढून घ्यावं लागतं. व्हीलचेअर, कुबड्या, श्रवणयंत्र केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून कमी उत्पन्नाच्या घरांना मिळतात. तालुक्यात शिबिर लागतं तेव्हा ही बातमी जुम्याच्या नमाजनंतर मशिदीत सांगितली, तर मोहल्ल्यातल्या सगळ्यांना कळेल.

शाळेच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयापर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळायला हवं. परीक्षेत लेखनिक मिळतो, जादा वेळही मिळतो. पण दहावीच्या फॉर्मसोबतच प्रमाणपत्र जोडलं नाही तर मुख्याध्यापकांचेही हात बांधलेले असतात. उर्दू माध्यमाच्या मुलाला उर्दू लिहिणारा लेखनिक लागेल, तो आधीच शोधून ठेवा. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत 5 टक्के आणि सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षण आहे. थॅलेसेमिया, सिकल सेलचा समावेश नोकरीच्या आरक्षणात मात्र नाही.

आता थोडं आपल्या मशिदींबद्दल. हजरत अब्दुल्ला इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) दृष्टिहीन होते, आणि प्रेषित मुहंमद (स.) यांचे मुअज्जिन होते. आपल्याकडे मात्र अनेक ठिकाणी वजूखान्याला तीन पायऱ्या, वर जायला अरुंद जिना, आणि व्हीलचेअरवरचा माणूस ईदलाही बाहेर रस्त्यावर. संगमरवर बसवताना बाजूला एक उतार काढायला फार खर्च येत नाही.

हक्क नाकारला तर आधी त्या कार्यालयातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर पुण्यात दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे अर्ज करता येतो. लोकांसमोर दिव्यांग व्यक्तीला मुद्दाम अपमानित केलं तर तो कलम 92 खाली गुन्हा आहे आणि शिक्षा 6 महिने ते 5 वर्षं कैद व दंड आहे. ‘लंगडा’ म्हणून हाक मारणाऱ्यांना हे कलम एकदा वाचून दाखवायला हरकत नाही.