कार्ल्याचे शिलालेख आणि बिटकॉइनची नोंदवही

१/ लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यांत दानाचे दोन लेख आहेत. पहिल्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात करजिक हे गाव वलूरकाच्या, म्हणजे कार्ल्याच्या, भिक्षूंना देतो. पुढे सातवाहनांनी नहपानाचा पराभव केला. दुसऱ्या लेखात मामाल, म्हणजे मावळ, येथील अमात्याला राजाज्ञा आहे : तेच गाव त्याच लेण्यांतील भिक्षूंना देण्यात आले आहे. ही आज्ञा सामान्यतः गौतमीपुत्र सातकर्णीची मानली जाते.

२/ अमात्याला शेवटची आज्ञा पुरेशी होती. हक्क कोणाकडून कसा आला हे पडताळणाऱ्याला मात्र पहिल्या लेखापासून वाचावे लागते. बिटकॉइनचा नोड हेच करतो. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासून प्रत्येक व्यवहार तो स्वतः तपासतो. आज ही नोंदवही ६०० जीबीहून मोठी आहे.

३/ २०१२ साली आलेल्या पहिल्या रास्पबेरी पायची मेमरी होती २५६ एमबी. अशा तळहाताएवढ्या संगणकाची दमछाक दोन ठिकाणी होते : स्वाक्षऱ्या तपासताना आणि न खर्चलेल्या रकमांची यादी सतत लिहिता-वाचताना. मेमरीत न मावणारी यादी संथ मेमरी कार्डावर गेली की काम रखडते. म्हणून जाणकार एसएसडी जोडतात आणि ‘डीबीकॅश’ची मर्यादा मूळच्या ४५० एमबीवरून शक्य तितकी वाढवतात.

४/ खरी गती आली ती सॉफ्टवेअरमधून. २०१३ च्या ०.८ आवृत्तीने न खर्चलेल्या रकमांची वेगळी यादी ठेवली. २०१५ च्या ०.१० ने आधी ब्लॉकांची शीर्षके मागवून मग अनेक नोडांकडून एकाच वेळी ब्लॉक उतरवून घेण्याची सोय केली. २०१६ च्या ०.१२ ने स्वाक्षरी-तपासणी कित्येक पटींनी वेगवान केली.

५/ त्यानंतरचे दोन उपाय विश्वासावर उभे आहेत. २०१७ मध्ये ‘अझ्यूमव्हॅलिड’ आले : एका ठरावीक ब्लॉकपूर्वीच्या स्वाक्षऱ्या ग्राह्य धरायच्या, रकमांचा हिशेब मात्र तपासायचाच. २०२४ च्या २८.० आवृत्तीत ‘अझ्यूमयूटीएक्सओ’ मुख्य जाळ्यावर आले : ८,४०,००० व्या ब्लॉकपर्यंतची तयार यादी घेऊन नोड लवकर कामाला लागतो आणि पहिल्या ब्लॉकपासूनची तपासणी मागाहून, पार्श्वभूमीवर करतो.

६/ ही यादी कोणाचीही चालत नाही. तिचा हॅश सॉफ्टवेअरमध्ये नोंदलेल्या हॅशशी जुळावा लागतो. तरीही मागची तपासणी पूर्ण होईपर्यंत आपला नोड मामालच्या अमात्यासारखाच, वरून आलेल्या शब्दावर चालत असतो. लहान संगणकावर हा काळ लांबतो. घाईने तो मध्येच बंद केला, तर उरतो केवळ विश्वास.

७/ मग एवढा खटाटोप कशासाठी? पडताळणी फक्त महागड्या यंत्रांना परवडू लागली, तर नोंदवहीचे साक्षीदारही मूठभरच उरतील. कार्ल्याला गेलात तर चैत्यगृहाच्या दाराशी थांबून दोन्ही लेख पाहा. सातवाहनांची आज्ञा कोरली गेली, तरी उषवदाताचा लेख तिथे राहिला. म्हणूनच त्या गावाचा इतिहास आज आपल्याला पहिल्यापासून तपासता येतो.