चहा पॅव्हेलियनच्या बाहेर: पालवणकर बाळूंची गोष्ट

 

आजच्या भागाची सुरुवात माझ्या एका फजितीनं करतो. शाळेत असताना उन्हाळी सुट्टीत मला क्रिकेटच्या कोचिंगला घातलं होतं. दोन महिने मी तिथे काय केलं? नेटमध्ये बॉलिंग. टीममधल्या पोरांनी बॅटिंग करायची आणि मी बॉल टाकायचे. मॅचच्या दिवशी माझं नाव यादीत नसायचंच. शेवटी मी वैतागून सोडून दिलं. घरी म्हणालो, "आपण खेळणारच नसू तर टाकायचे कशाला बॉल?"

हा प्रश्न बरीच वर्षं माझ्या डोक्यात होता. मग एक माणूस वाचनात आला. त्यानंही नेटमध्येच सुरुवात केली होती आणि त्याला बॅट हातात मिळत नव्हती. फरक एवढाच की माझं कारण होतं माझी सुमार बॉलिंग, आणि त्याचं कारण होतं त्याची जात.

त्यांचं नाव पालवणकर बाळू. जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणं मूळ कोकणातल्या पालवणचं, समाज चर्मकार. वडील लष्करात नोकरीला, त्यामुळे बाळू आणि त्यांचे भाऊ पुण्यात वाढले. लष्करातल्या गोऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर ही पोरं खेळायला शिकली.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यात पारशी लोकांच्या क्रिकेट मैदानावर. पगार महिना ३ रुपये. मग इंग्रजांच्या पूना क्लबात, ४ रुपयांवर. काम काय? पिचवर रोलर फिरवायचा, नेट लावायची, मैदानाची निगा राखायची. आणि साहेब लोक सरावाला आले की त्यांना बॉल टाकायचे.

तिथे ग्रेग नावाचा एक कॅप्टन होता, नावाजलेला बॅट्समन. तो इतरांच्या आधी तासभर मैदानावर यायचा आणि बाळूंना बॉलिंग करायला लावायचा. सांगतात की बाळूंनी आउट केलं की तो दर वेळी ८ आणे द्यायचा. बाळू डावखुरे, स्लो स्पिन टाकणारे. रोज तासन् तास एका चांगल्या बॅट्समनला बॉल टाकून टाकून त्यांचा हात असा काही बसला की बोलायची सोय नाही. पण बाळूंना बॅटिंग मात्र कुणीच दिली नाही. बॅटिंग साहेबांची, बॉलिंग नोकराची.

आता पुण्यातल्या हिंदू क्रिकेटपटूंची पंचाईत बघा. त्यांना इंग्रजांना हरवायचं होतं, आणि सगळ्यात भारी बॉलर होता 'अस्पृश्य'. घ्यायचा की नाही? काहींनी नाकं मुरडली, पण शेवटी घेतलं. जिंकायचं होतं ना!

मैदानावर बाळू सगळ्यांसोबत. त्यांनी टाकलेला बॉल सगळे झेलणार, सगळे हाताळणार. पण चहाची वेळ झाली की टीम पॅव्हेलियनमध्ये, बाळू बाहेर. टीमला चिनी मातीचे कप, बाळूंना वेगळं मातीचं भांडं, वापरून फेकून द्यायचं. जेवणाची पंगतही वेगळी. आणि क्रिकेटचा बॉल कशाचा असतो? चामड्याचा! चामडं हातात चालत होतं, चामड्याचं काम करणाऱ्या समाजातला माणूस शेजारी चालत नव्हता.

मग साताऱ्याची मॅच झाली. तिथल्या गोऱ्यांच्या संघाला बाळूंनी गुंडाळलं. पुण्यात सत्कार झाला, न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीर समारंभात त्यांना हार घातला. याच्यासोबत खेळता तर याच्यासोबत चहा प्यायला काय हरकत आहे, असा सवालही रानड्यांनी खेळाडूंना केल्याचं सांगतात.

पुढे १८९६ च्या सुमाराला, प्लेगच्या त्या धामधुमीच्या काळात बाळू मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदू संघानं युरोपियन संघाला हरवलं. त्या संघात बाळू होते आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवरामही. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला, पण बाळूंनी सगळ्या सामन्यांत मिळून ११४ विकेट काढल्या. तेव्हा ते पस्तिशीचे होते. परत आल्यावर मुंबईतल्या दलित समाजानं त्यांचा सत्कार केला. त्याचं मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिलं होतं, असं म्हणतात.

एवढं सगळं झालं. कॅप्टन केलं का? नाही.

वर्षामागून वर्षं गेली. दरवर्षी मागणी व्हायची, दरवर्षी कमिटी दुसऱ्याच कुणाला तरी कॅप्टन करायची. १९२० मध्ये तर बाळूंना संघातूनच वगळलं. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी जाहीर निषेध करून खेळायला नकार दिला. गावभर चर्चा झाली आणि कमिटीला नमतं घ्यावं लागलं. बाळू उपकर्णधार झाले. कॅप्टन पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ बाळूंनी संघ चालवला. तेवढाच. पण १९२३ मध्ये धाकटे विठ्ठल हिंदू संघाचे कॅप्टन झाले, संघानं स्पर्धा जिंकली आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं.

ही गोष्ट ऐकून "बघा, खेळानं जात संपवली" असं म्हणायचा मोह होतो. मी तसं म्हणणार नाही. खेळानं बॉलपुरती सूट दिली, कप मात्र बराच काळ वेगळाच राहिला. पुढचं राजकारणही गुंतागुंतीचं आहे. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे, आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं त्यांना बाबासाहेबांच्याच विरोधात उभं केलं. बाबासाहेब जिंकले. त्यावर वेगळा भाग करावा लागेल.

मला आज परत नेटकडे जायचंय. ४ रुपये पगार, बॅट मिळणार नाही, संघात येण्याची शक्यता तेव्हा तरी शून्य. अशा वेळी माणूस रोज सकाळी बॉल का टाकत असेल? पोट होतं, ८ आणे होते, हे खरंच. पण नुसत्या पगारासाठी कुणी इतकं बारीक शिकत नाही. समोरच्या बॅट्समनचा पाय कुठे पडतो, आज पिच ओलं आहे की कोरडं, बॉल बोटांतून कसा सुटला की वळतो, हे ज्याला कळायला लागतं त्याचा तो तास त्याचा स्वतःचा असतो, असं मला वाटतं. बॉल हातातून सुटून टप्पा पडेपर्यंत साहेब कोण आणि नोकर कोण, हे ठरवणं बॅट्समनच्या हातात नसतं.

आणि तो एक तास पुढे किती लांब गेला ते बघा. त्या तासातल्या बॉलिंगमुळे रानड्यांना जाहीर बोलता आलं, भावांना "नाही खेळत जा" म्हणता आलं. हातात कसब नसतं तर त्या नकाराला कुणी किंमत दिली असती का?

तर माझ्या शाळेतल्या प्रश्नाचं उत्तर मला असं सापडलं. गेल्या वर्षीपासून मी पुन्हा बॉलिंग करतो. रविवारी, सोसायटीच्या मागच्या पटांगणात, टेनिस बॉलनं. अजूनही सुमारच आहे. पण आता बॉल कुठे पडला ते बघतो, आणि मॅच संपल्यावर चहा आला की आधी बघतो, सगळ्यांना एकसारखे ग्लास आलेत ना. आमच्या पटांगणाचा वॉचमन अधूनमधून येऊन दोन ओव्हर टाकतो. परवा त्यानं मला क्लीन बोल्ड केलं. मग त्यालाच बॅट दिली. म्हटलं, आता तुमची बॅटिंग.

तुमच्या ग्राउंडवर कोण फक्त बॉल टाकतंय किंवा बॉल आणून देतंय, ते या रविवारी जरा बघा. आणि मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!