प्रार्थना झाल्यावर काय?

'काळजी करू नका, देव पाहतोय.' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. निकालाच्या आदल्या रात्री, नोकरी गेल्यावर, घरात कुणी आजारी असताना. ते ऐकून बरं वाटतं, पण पाच मिनिटांनी प्रश्न उरतोच : ठीक आहे, देव पाहतोय, पण मी आता काय करू?

ख्रिस्ती परंपरेत हा प्रश्न फार जुना आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात, डोंगरावरच्या प्रवचनात येशू लोकांना आकाशातली पाखरं दाखवतो. ती पेरत नाहीत, कापत नाहीत, कोठारं भरत नाहीत, तरी त्यांना खायला मिळतं. मग उद्याची चिंता कशाला? वाचायला सुंदर आहे. पण दुष्काळात अन्नावाचून मेलेली माणसं ज्याने पाहिली आहेत, त्याने हा उतारा कसा वाचायचा? असा माणूस महाराष्ट्राच्या इतिहासात होऊन गेला, म्हणून मला हा प्रश्न इतिहासाचा वाटतो. त्यांचं नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म 1858चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. पुढे हे कुटुंब तीर्थक्षेत्रं हिंडत, पुराणं सांगत जगू लागलं. 1870च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि पुराण ऐकायला माणसं उरली नाहीत. रमाबाईंनी पुढे 1897च्या सुमारास या दिवसांची हकिगत लिहिली. ती वाचताना मला सगळ्यात जास्त बोचतं ते उपाशीपणाचं वर्णन नव्हे, तर त्यांनी सांगितलेलं कारण. घरात होतं नव्हतं ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत गेलं. अंगमेहनतीचं काम करायची कुणाला सवय नव्हती, आणि जातीचा अभिमान आडवा येत होता. विद्या भरपूर, पण त्या विद्येवर चूल पेटेना. शेवटी तिरुपतीजवळच्या रानात झाडपाला खाऊन दिवस काढल्यावर वडिलांनी जलसमाधीचा विचार केला. तेव्हा भाऊ म्हणाला, मी मजुरी करीन. वडिलांनी समाधीचा बेत सोडला, पण ते वाचले नाहीत. मागोमाग आई आणि थोरली बहीणही गेली.

भाऊ-बहीण हजारो मैल पायी हिंडत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथे रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. पुढच्या चार वर्षांत भाऊ गेला, लग्न झालं, मुलगी झाली आणि पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या. कडेवर मनोरमा होती, आणि समोर ध्येय होतं बायकांच्या शिक्षणाचं.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची कारणं त्यांनी स्वतः सांगितली आहेत. लंडनमधल्या फुलहॅम इथे समाजाने टाकून दिलेल्या बायकांना जोगिणी प्रेमाने वागवताना त्यांनी पाहिल्या. आपल्याकडे शास्त्रं अशा बाईसाठी फक्त शिक्षा सांगतात, मग इथे दया कुठून आली, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. म्हणजे त्यांचा विश्वास सुरू झाला तो एका संस्थेच्या रोजच्या कामकाजातून. तत्त्वज्ञान नंतर आलं.

त्या तत्त्वज्ञानावर मात्र त्यांनी भरपूर भांडण केलं. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चचा अधिकार, कुणाच्या आज्ञेत राहायचं, या सगळ्यावर त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून वाद घातला. पुरोहितांच्या जोखडातून आत्ताच मान सोडवून घेतली आहे, आता दुसरं जोखड घालून घेणार नाही, असा त्यांचा सूर होता. शाकाहारही त्यांनी सोडला नाही. 'धर्म बदलला म्हणजे इंग्रज झाल्या' असं समजणाऱ्यांनी ही पत्रं एकदा वाचावीत.

1886 मध्ये त्या अमेरिकेत गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. तिथे पुस्तक लिहिलं, व्याख्यानं दिली, आणि बॉस्टनमध्ये एक मंडळ उभं राहिलं. त्याने दहा वर्षं मदतीचं वचन दिलं. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या, पुढच्या आनंदीबाई कर्वे.

आता दहा वर्षांचं वचन म्हणजे दहा वर्षांनी येणारी काळजी. आजच्या भाषेत, फंडिंग संपायची तारीख आधीच ठरलेली. रमाबाईंनी काय केलं? प्रार्थना तर केलीच, आणि पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगावला जमीन घेतली. फळझाडं लावली, कारण उत्पन्न लागणार होतं. विहिरी खणल्या, कारण झाडांना पाणी लागणार होतं.

याच काळात त्यांच्या विश्वासाचं वळण बदललं होतं. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त मिळालेला नाही. एखाद्याने पोहण्यावरचं पुस्तक पाठ केलं आणि पाण्यात उतरलाच नाही, तसं. त्यांनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचं चरित्र वाचलं. हे गृहस्थ हजारो अनाथ मुलं सांभाळत, कुणाकडे पैसे मागत नसत, फक्त प्रार्थना करत. असा भरवसा भारतात ठेवता येईल का, असं रमाबाईंच्या मनात आलं.

परीक्षा लवकरच आली. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. शारदा सदनात सोय होती ती मोजक्या विधवांची. हाती पैसा नव्हता. आपल्या आवाक्यातलं हे काम नाही, असं म्हणायला पूर्ण जागा होती आणि तसं म्हटलं असतं तर कुणी दोष दिला नसता. पण आपले उपासाचे दिवस त्यांना आठवले. त्या निघाल्या आणि सुमारे 300 मुली-बायकांना घेऊन आल्या. तेव्हा पुण्यात प्लेग होता, त्यामुळे शहरात एवढ्या जणींना ठेवणं शक्य नव्हतं. केडगावच्या त्याच जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्ती सदन ते हेच.

पुढे 1900 मध्ये गुजरातेतही दुष्काळ पडला, तिथल्याही मुली आल्या, आणि संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. इथे जरा थांबून साधा हिशेब करा. दोन हजार माणसं. दोन्ही वेळच्या मिळून माणशी चार भाकऱ्या धरल्या, तरी रोजच्या आठ हजार. वर अंघोळीचं पाणी, लुगडी, औषधं, सरपण. 'आजची भाकर आज दे' ही प्रार्थना अशा ठिकाणी काव्य राहत नाही, ती वाणसामानाची यादी होते.

या वस्तीत मुली विणकाम, शेती, तेलाचा घाणा, शिवण, छपाई शिकल्या. आंधळ्या मुलींना मनोरमा ब्रेल शिकवायच्या. मला यामागे तिरुपतीचं रान दिसतं. आपल्या घराचा नाश भक्ती कमी पडल्याने झाला नाही, हाताला काम नसल्याने झाला, हे रमाबाई विसरल्या नव्हत्या. त्यामुळे त्यांच्या वस्तीत प्रार्थनेची घंटाही वाजे आणि छापखानाही चाले.

1897 मध्येच त्यांनी आणखी एक गोष्ट केली. प्लेगच्या बंदोबस्तात बायकांना कसं वागवलं जातं, याबद्दल त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये जाहीर पत्र लिहिलं आणि सरकारचा राग ओढवून घेतला. देवावर भार टाकणं म्हणजे अन्यायाबद्दल गप्प बसणं, असा अर्थ त्यांनी कधी लावला नाही.

आता दुसरी बाजू. शारदा सदनात धर्माबाबत तटस्थता पाळण्याचं ठरलं होतं. 1893 मध्ये मुली ख्रिस्ती होतायत असा गहजब झाला, 'केसरी'ने झोडपून काढलं, आणि रानडे-भांडारकरांसारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मुक्तीत तर ख्रिस्ती शिकवण उघडच होती. उपाशी मुलीला जेवण देणाऱ्या हातानेच धर्मग्रंथ दिला, तर तिची निवड कितपत मोकळी राहते? मला हा प्रश्न रास्त वाटतो, आणि रमाबाईंबद्दल कितीही आदर असला तरी तो मिटत नाही. जोखड नाकारणाऱ्या बाईला तर तो आपण विचारलाच पाहिजे. पण तो विचारणाऱ्यांपैकी किती जण तेव्हा मध्य प्रांतात मुली आणायला गेले होते, हाही प्रश्न शेजारी मांडावा लागतो.

रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं बायबलच्या भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतातली ही पंडिता जाणूनबुजून सोपी मराठी लिहीत होती, कारण वाचणाऱ्या बायका साध्या घरच्या होत्या. खिळे जुळवणाऱ्याही मुक्तीतल्याच. काम संपत आलेलं असताना, 1921 मध्ये, मनोरमा गेल्या. संस्था ज्यांच्या हाती सोपवायची त्याच गेल्या. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईही गेल्या. पूर्ण बायबल 1924 मध्ये छापून निघालं.

त्यांच्या सगळ्या प्रार्थनांना हवं ते उत्तर मिळालं नाही, हे या तारखाच सांगतात. तरीही त्या आकाशातल्या पाखरांचा उतारा ठामपणे मानत राहिल्या. मला वाटतं, त्यांनी तो असा वाचला असावा : काळजीत जो वेळ आणि जीव जातो, तो मोकळा होतो. त्या मोकळ्या झालेल्या हातांनी काय करायचं, हे मात्र पाखरं सांगत नाहीत. ते आपल्याला ठरवावं लागतं. रमाबाईंनी विहीर खणायचं ठरवलं.