प्रवरेच्या उड्या

नदीचा इतिहास सांगावयाचा तर आरंभ दगडापासून करावा लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या या भूमीला भेगा पडल्या आणि तप्त शिलारस बाहेर वाहिला. एकदा नव्हे, पुनःपुन्हा. थरावर थर चढले. काही थर घट्ट, काही सच्छिद्र नि ठिसूळ. पाण्याने खालचा ठिसूळ थर पोखरला की वरचा कठीण थर वळचणीसारखा पुढे उरतो, आणि नदी त्यावरून खाली उडी घेते. आमच्या नामपूरची मोसम बागलाणच्या अशाच काळ्या पाषाणातून येते. परंतु या उड्या डोळे भरून पाहावयाच्या तर पावसाळ्यात अकोले तालुक्यात, प्रवरेकाठी जावे.

रतनगडावर प्रवरा उगम पावते. पायथ्याशी रतनवाडीला अमृतेश्वराचे कोरीव शिवालय आहे. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवालये बांधली, त्यांपैकीच हे एक, अशी परंपरा आहे. पुढे रंधा येथे नदी सुमारे १७० फूट खोल दरीत कोसळते. काठावर घोरपडादेवीचे ठाणे आहे. याच डोंगरांनी राघोजी भांगरे यांचे बंड पाहिले. महादेव कोळ्यांच्या या पुढाऱ्याला इंग्रजांनी २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले.

पुढे १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ आला. दख्खनच्या कोरड्या मुलखाला पाणी देण्याच्या योजना निघाल्या. भंडारदऱ्याला १९१० साली धरणाचे काम सुरू झाले आणि १९२६ साली गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. उंची सुमारे २७० फूट! पायथ्याचा छत्री धबधबा धरणातूनच जन्मला. मोरीतून सुटलेले पाणी गोलसर खडकावर पसरते, म्हणून हे नाव. हेच पाणी कालव्यांनी खाली गेले, माळरानावर ऊस डोलू लागला, आणि १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला.

भाग्याचीच गोष्ट ही! पण ज्यांच्या छपरांवर हा मुसळधार पाऊस कोसळतो, त्या डोंगरवाडीतल्या मायबहिणी चैत्र-वैशाखात हंडा घेऊन झरे शोधीत फिरतात. धरण त्यांच्या अंगणात आणि पाणी मात्र दूरच्या शेतात! मोसमेकाठी पूर्वजांनी फड बांधले. बंधाऱ्याचे पाणी पाळीपाळीने वाटावयाचे आणि टंचाईत सर्वांनी थोडेथोडे सोसावयाचे, हा त्यांचा दंडक होता. तो कोणा गव्हर्नराने घालून दिला नव्हता. शेजारधर्मातून तो आला होता.

वाचकहो, रंधा अवश्य पाहा. तुषार अंगावर घ्या, मुलांना दगडांचे थर मोजावयास लावा. आणि घरी परतल्यावर दिवाळीच्या फराळात साखर घोळताना, ती कोणत्या डोंगरावरून उतरली आहे, हेही त्यांना सांगा.