खरे सांगितल्याबद्दल गेलेली नोकरी

ब्रह्मपुरीचे नाव घेतले की शहरवासी मनुष्याच्या डोळ्यांपुढे बहुधा अरण्यच उभे राहते. अरण्य आहे खरे, पण ते ह्या तालुक्याचे अर्धेच चित्र होय. उरलेले अर्धे धानाचे आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील ही भूमी तळ्याबोड्यांच्या पाण्यावर धान पिकविते. दिवाळी उलटली की पोत्यांनी लादलेल्या गाड्या राईस मिलच्या दारी येऊन लागतात. त्या दारात काटा असतो आणि काट्यापाशी वजन करणारा एक मनुष्य असतो. तो मालकाचा पगारी नोकर. परंतु शेतकऱ्याचे वर्षाचे श्रम त्याच्याच डोळ्यांदेखत मोजले जातात.

समजा, ह्या मनुष्याच्या ध्यानात आले की काटा खोटा आहे आणि दर पोत्यामागे काही धान मालकाच्या कोठारात फुकट जात आहे. समजा, त्याने ही गोष्ट वजन-मापे निरीक्षकाच्या कानी घातली. दुसऱ्या दिवशी त्याला तीन शब्द ऐकू येतात, ‘उद्यापासून येऊ नकोस.’ ह्या मनुष्यास कायद्याने काय दिले आहे? प्रश्न लहान दिसतो. त्याचे उत्तर मात्र पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात विखुरलेले आहे, आणि ते अद्यापि पुरते जुळलेले नाही.

इंग्रजांबरोबर आपल्याकडे जो कायदा आला, त्याच्या दृष्टीने चाकरी हा दोन समान पक्षांमधील करार होता. समान म्हणजे कसे, तर गिरणीचा धनी आणि तिच्यातील हमाल जसे समान असतात तसे! अशा करारात धन्याने नोकरास अन्यायाने दूर केले, तर नोकराने नुकसानभरपाई मागावी. नोकरी परत मागता येत नसे. मनुष्याच्या अंगमेहनतीचा करार न्यायालय बळजबरीने पार पाडवून घेणार नाही, असे तत्त्वच होते आणि १८७७ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यात ते नमूद झाले. भरपाईही बहुधा सूचनेच्या मुदतीच्या पगाराएवढीच. नोकराने सत्य सांगितले म्हणून तो गेला की चोरी केली म्हणून, ह्याची चौकशी करण्याचे त्या कायद्यास प्रयोजनच वाटत नसे.

त्याच इंग्रजी परंपरेतून फुटून निघालेल्या अमेरिकेत मात्र एक निराळी गोष्ट फार पूर्वीच घडली होती. १७७७ मध्ये तिच्या कोवळ्या आरमारातील काही खलाशांनी व शिपायांनी आपल्या सेनापतीविरुद्ध, ईसेक हॉपकिन्स ह्याच्याविरुद्ध, काँग्रेसकडे अर्ज केला. कैद्यांस क्रूरपणे वागविल्याचा आरोपही त्यात होता. हॉपकिन्सने रिचर्ड मार्व्हेन ह्या अधिकाऱ्यास बडतर्फ केले, आणि पुढे त्याच्यावर व सॅम्युएल शॉ ह्याच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद लावून दोघांस तुरुंग दाखविला. तेव्हा ३० जुलै १७७८ रोजी काँग्रेसने ठरविले की राज्याच्या चाकरीतील कोणाचेही गैरवर्तन दिसल्यास ते तत्काळ कळविणे हे प्रत्येकाचे कर्तव्यच आहे. आणि त्या दोघांच्या बचावाचा खर्चही आपल्या अंगावर घेतला. राष्ट्र स्वतःच लढाईत होते, खजिना रिकामा होता, तरी हा खर्च त्यांना अनाठायी वाटला नाही. हे मला विशेष वाटते.

आपल्याकडे वळण लागले ते स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा झाला होता. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनमधील कामगारांच्या तंट्यात प्रश्न असा निघाला की, काढलेल्या कामगारास पुन्हा कामावर घ्या असा हुकूम लवादाने मालकास करावा काय? १९४९ मध्ये फेडरल न्यायालयाने निर्णय दिला की होय, करता येतो. करार कसा होता एवढेच पाहणे हे लवादाचे काम नव्हे. औद्योगिक शांततेसाठी आवश्यक तर तो नवे हक्क निर्माण करू शकतो. सत्तर वर्षे बंद असलेली खिडकी त्या दिवशी उघडली.

खिडकी उघडली, पण तिच्याशी एकट्याने जाण्याची सोय नव्हती. केंद्रीय कायद्याखाली तंटा औद्योगिक ठरण्यास कामगारांचा संघ किंवा त्यांचा मोठा गट पाठीशी लागे. आमचा काट्यावरचा मनुष्य तर एकटा. संघ कोठून आणणार? येथे मध्यप्रांताच्या कायद्याची आठवण अभिमानाने करावीशी वाटते. ब्रह्मपुरी त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडात होती, आणि ह्या प्रांताने १९४७ मध्येच आपला स्वतंत्र औद्योगिक विवाद तडजोड कायदा केला होता. नागपूरच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस ह्या मोटार कंपनीतील एका कामगारास १९५० मध्ये चोरीच्या संशयावरून काढण्यात आले. पुढे फौजदारी न्यायालयातून तो निर्दोष सुटला आणि त्याने नोकरी परत मागितली. कंपनीचे म्हणणे असे की, बडतर्फ झालेला मनुष्य मुळी कामगारच उरत नाही. आणि एकट्याचे गाऱ्हाणे म्हणजे औद्योगिक तंटा नव्हे. नोव्हेंबर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या प्रांतिक कायद्याचा अर्थ लावून हे दोन्ही आक्षेप फेटाळले. त्याच महिन्याच्या प्रारंभी हा भाग मुंबई राज्यात आला होता. प्रांत नकाशावरून गेला, आणि त्याने एकट्या कामगारास ठेवलेले दार मात्र देशाच्या न्यायालयाने मान्य केले. केंद्रीय कायद्यास एकट्याची बडतर्फी ओळखण्यास १ डिसेंबर १९६५ उजाडावे लागले.

तो नागपूरचा मनुष्य वार्ता देणारा नव्हता हे खरे. पण वार्ता देणाऱ्यास काढताना मालक खरे कारण लिहून देईल काय? तो चोरीच लिहील, गैरहजेरी लिहील, उद्धटपणा लिहील. म्हणून खोट्या आरोपाविरुद्धचा हक्क हाच अशा मनुष्याचा पहिला आधार ठरतो.

महाराष्ट्राने हे पुढे नीट ओळखले. कामगार संघांस मान्यता देण्याबाबतचा व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा १९७१ चा अधिनियम सप्टेंबर १९७५ पासून अमलात आला. त्याच्या चौथ्या अनुसूचीत पहिल्याच बाबीत सूडबुद्धीने काढणे, सद्भावनेवाचून काढणे, बनावट पुराव्याने फौजदारी प्रकरणात गोवून काढणे, उघड उघड खोट्या कारणास्तव काढणे, हे सारे अनुचित ठरविले आहे. तक्रारीस मुदत नव्वद दिवसांची. आणि निकाल लागेपर्यंत तात्पुरता दिलासा देण्याचा अधिकार न्यायालयास होता. संघमान्यतेच्या प्रकरणास पन्नास कामगारांची अट होती, ह्या प्रकरणास नव्हती. डझनभर माणसांच्या राईस मिललाही ते लागू पडे. केंद्रीय कायद्यात अशी यादी यावयास १९८४ साल उजाडले.

त्याच अनुसूचीतील सातवी बाब मात्र बारकाईने वाचावी. औद्योगिक विवादासंबंधीच्या चौकशीत मालकाविरुद्ध आरोप दाखल केल्याबद्दल किंवा साक्ष दिल्याबद्दल कामगारास काढणे वा त्याच्याशी भेदभाव करणे अनुचित होय, असे ती सांगते. येथे आमचा काट्यावरचा मनुष्य अडखळतो. त्याने साक्ष दिली खरी, पण ती कामगारांच्या तंट्यात नव्हे, शेतकऱ्याच्या धानासंबंधी. स्वतःच्या पगारासाठी बोलता तर सातवी बाब त्याची झाली असती. दुसऱ्याच्या पोत्यासाठी बोलला म्हणून ती त्याला परकी झाली. मग त्याने पहिल्या बाबीकडे वळावे आणि मालकाच्या मनातील सूड सिद्ध करावा. मनातील गोष्ट सिद्ध करणे किती कठीण, हे न्यायालयाची पायरी चढलेल्यास सांगावयास नको. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी औद्योगिक संबंध संहिता अमलात येऊन १९४७ चा केंद्रीय कायदा मागे पडला. साक्षीदाराविषयीचे ते कलम तिच्यातही जवळजवळ त्याच शब्दांत आले आहे.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात तक्रार करणाऱ्याचे नाव निरीक्षकाने गुप्त ठेवावे असे कलम घालण्यात आले. पण राईस मिलमध्ये काट्यापाशी माणूस एकच असेल, तर नाव झाकून काय झाकणार? सरकारी कामातील भ्रष्टाचाराबद्दल वार्ता देणाऱ्यांसाठी वेगळा कायदा व्हावा असे विधि आयोगाने २००१ मध्येच सुचविले होते. नोव्हेंबर २००३ मध्ये सत्येंद्र दुबे ह्या अभियंत्याचा गयेस खून झाला, तेव्हा २००४ मध्ये सरकारी ठराव आला. कायदा संमत झाला २०१४ मध्ये, आणि त्यानंतर दहा वर्षे तो अमलात आणण्याची तारीखच मुक्रर झाली नाही. तोही सरकारी चाकरांच्या गैरवर्तनाविषयीचा. खासगी काट्याशी त्याचा संबंध नाही.

आता अरण्याकडे वळतो, कारण आमच्याकडे मोठा मालक वनखातेच आहे. जंगलातील मजूर कामगार कायद्याच्या कक्षेत येतो की नाही, ह्यावर पुष्कळ काळ वाद होता. डिसेंबर १९९५ मध्ये पुणे भागातील वनमजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की रोपवनासारखी ही कामे उद्योगात मोडतात, आणि मजुरांस वर्षानुवर्षे तात्पुरते म्हणून राबविणे ही १९७१ च्या कायद्याखालील अनुचित प्रथा होय. त्या निकालाने सागाच्या रोपवनात खड्डे खणणाऱ्यासही न्यायालयाचे दार दाखविले.

परंतु ह्या मजुराने खोट्या हजेरीपत्रकाविषयी वर कळविले, तर त्याला कोणी बडतर्फ करीत नाही. त्याला पत्र मिळत नाही, आरोप ठेवला जात नाही, चौकशीही होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी घेताना त्याचे नाव पुकारले जात नाही, एवढेच. मग नव्वद दिवस कोणत्या तारखेपासून मोजावयाचे, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. आणि आपण तेथे कामाला होतो ह्याचा त्याच्यापाशी असलेला लेखी पुरावा म्हणजे बहुधा तेच हजेरीपत्रक, ज्याला त्याने खोटे म्हटले.