टी-२०६ वॅग्नर
१. टी-२०६ वॅग्नर : अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांत घालून वाटलेल्या बेसबॉल कार्डांपैकी सर्वांत दुर्मीळ समजल्या जाणाऱ्यांपैकी एक. आकार जेमतेम ३.७ × ६.७ सें.मी. केशरी पार्श्वभूमीवर होनस वॅग्नर या खेळाडूचे अर्धचित्र. खाली ‘पिट्सबर्ग’ हे नाव त्या काळच्या रीतीप्रमाणे शेवटचे ‘एच’ गाळून छापलेले. वॅग्नरच्या हरकतीमुळे छपाई लवकर थांबली, असे मानतात. ‘टी’ हे तंबाखूचे आद्याक्षर. २०६ हा क्रमांक कार्डसंग्राहक जेफरसन बर्डिक यांच्या कार्डांच्या सूचीतला. आपला अफाट संग्रह त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला, हे त्यांचे मोठेच ऋण आहे.

२०२१ साली यातली एक प्रत ६६ लाख डॉलरना विकली गेली. मोल ठरवताना दुर्मीळतेबरोबर कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध आहे की नाही, हे पाहतात. याच कार्डाच्या सर्वांत गाजलेल्या प्रतीच्या कडा कापल्याची कबुली एका व्यापाऱ्याने २०१३ साली दिली. म्हणून जुने कार्ड हाती आले, तर ते कापू नये, पुसू नये. आहे तसेच जपावे. – संपादक