तुटलेला अस्थिबंध पुन्हा सांधता येतो का? गुडघ्यातील एका प्रश्नाची सव्वाशे वर्षे

१/
नोव्हेंबर १८९५. इंग्लंडमधील लीड्स शहर. एक्केचाळीस वर्षांचा एक खाणकामगार शल्यचिकित्सक आर्थर मेयो रॉबसन यांच्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर होता. ३६ आठवड्यांपूर्वी खाणीत माती कोसळून त्याचा गुडघा दुखावला होता. तेव्हापासून पायावर भार देववत नव्हता. रॉबसन यांनी गुडघा उघडला. आतील दोन्ही क्रुशिएट अस्थिबंध तुटलेले होते.

२/
हे अस्थिबंध म्हणजे मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना सांध्याच्या आत जखडून ठेवणाऱ्या दोन दोऱ्या. त्या एकमेकींना फुलीसारख्या छेदतात, म्हणून त्यांना हे लॅटिन नाव मिळाले. पुढची दोरी तुटली की नडगी पुढे सरकते आणि वळताना गुडघा अचानक दगा देतो. फुटबॉल, कबड्डी किंवा बास्केटबॉल खेळणाऱ्या अनेकांना ही दुखापत परिचयाची असेल.

३/
रॉबसन यांनी तुटलेली टोके कॅटगटने, म्हणजे प्राण्यांच्या आतड्यापासून केलेल्या धाग्याने, शिवून टाकली. (क्ष-किरणांचा शोध त्याच महिन्यातला, पण त्याची वार्ता जगाला अजून कळायची होती. कळली असती तरी अस्थिबंध त्या चित्रांत दिसत नाहीत!) सहा वर्षांनंतर तो कामगार न लंगडता चालत होता. रॉबसन यांनी १९०३ मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध केला. क्रुशिएट अस्थिबंध शिवल्याची ही पहिली नोंद मानली जाते.

४/
तथापि एका रुग्णाचे यश म्हणजे पद्धतीचे यश नव्हे. १९१७ मध्ये ब्रिस्टलचे अर्नेस्ट हे ग्रोव्ह्ज यांनी वेगळी वाट धरली: तुटलेला अस्थिबंध शिवण्यापेक्षा मांडीच्या बाहेरील पट्ट्यातून नवा घडवायचा. शिवण्याची पद्धत तरीही टिकून राहिली. तिला खरा धक्का बसला १९७६ मध्ये. फेगिन आणि कर्ल या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी वेस्ट पॉइंट अकादमीतील कॅडेटांचे शिवलेले गुडघे पाच वर्षांनी तपासले, तेव्हा बहुसंख्य पुन्हा अस्थिर झालेले आढळले. त्यानंतर रुग्णाच्याच शरीरातील कंडरा काढून ती अस्थिबंधाच्या जागी बसवणे हाच राजमार्ग ठरला.

५/
पण असे का व्हावे? गुडघ्याच्या आतील बाजूचा अस्थिबंध तुटला तर बहुतेकदा शस्त्रक्रियेविना भरून येतो. मग हाच का हटून बसतो? कारण तो सांध्यातील द्रवात बुडालेला असतो. कोणतीही जखम भरताना प्रथम रक्ताची गुठळी होते. तीच दोन टोकांमधील पहिला सेतू. गुडघ्यात ती टिकतच नाही, विरघळून जाते. सेतूच नाही, तर पेशींनी पलीकडे जावे कसे? शिवणीचा दोरा टोके जवळ आणतो. तो गुठळीची जागा घेऊ शकत नाही.

६/
याच सुमारास मॉस्कोत एक निराळी कथा आकार घेत होती. अलेक्झांडर फ्रिडेनस्टाइन यांनी १९६० व ७० च्या दशकांत दाखवले की अस्थिमज्जेतील काही दुर्मीळ पेशी काचपात्राला चिकटून वसाहती करतात आणि त्यांपासून हाड घडू शकते. १९९१ मध्ये अमेरिकेतील आर्नल्ड कॅप्लन यांनी अशा पेशींना ‘मेसेनकायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ केले. नावातच आश्वासन होते: या मूलपेशी हाड, कूर्चा, कंडरा, हवे ते घडवतील. मग अस्थिबंध का नाही?

७/
२००७ मध्ये हिरोशिमाच्या संशोधकांनी अर्धवट तुटलेल्या अस्थिबंधाच्या उंदरांच्या गुडघ्यांत या पेशी टोचल्या, तेव्हा अस्थिबंध अधिक चांगला भरलेला दिसला. माणसाबाबत मात्र वाट खडतर निघाली. पोर्तुगालमधील एका चाचणीत नवा अस्थिबंध बसवताना अस्थिमज्जेतील पेशी सोबत दिल्या, तरी तो हाडात लवकर रुजल्याचे दिसले नाही.

८/
आता या कथेतील सर्वांत विलक्षण वळण. २०१७ मध्ये खुद्द कॅप्लन यांनीच जाहीर लेख लिहून आपण रुजवलेले नाव बदलावे असे सुचवले! त्यांच्या मते शरीरात टोचलेल्या या पेशी स्वतः ऊती घडवत नाहीत. त्या रसायने स्रवून आसपासच्या पेशींना कामाला लावतात. ज्याला आपण गवंडी समजत होतो, तो मुकादम निघाला. आपल्याच नावाजलेल्या संज्ञेवर असा खोडरबर फिरवणारे शास्त्रज्ञ विरळाच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसारही अशा पेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर उपचार म्हणून करता येत नाही. ‘एका इंजेक्शनात लिगामेंट बरे’ अशी जाहिरात दिसली, तर हे ध्यानात असू द्यावे.

९/
आणि तो विरघळणारा सेतू? बोस्टनच्या डॉ. मार्था मरे यांनी नेमके तेच कोडे हाती घेतले. गाईच्या कोलॅजेनचा स्पंजासारखा तुकडा, त्यात रुग्णाचेच रक्त. गुठळीला ही परांची आधार देते आणि तुटलेला अस्थिबंध टाक्यांनी तिच्याकडे ओढून धरला जातो. यात बाहेरून मूलपेशी टोचलेल्या नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०२० मध्ये याला मंजुरी दिली, आणि १९७६ मध्ये अडगळीत गेलेला सुई-दोरा पुन्हा गुडघ्यात आला.

त्या मंजुरीत एक अट होती: शस्त्रक्रिया दुखापतीपासून ५० दिवसांच्या आत व्हावी. लीड्सचा खाणकामगार २५० दिवसांनी आला होता.